कारखानिसांची थंड हवेतली लाल

‘थुंका’ हा शब्द मी दिवसभर उच्चारत असतो. दातांचा डॉक्टर आहे, माझं पोटच त्यावर चालतं. पण थुंकण्याचंही शास्त्र असतं आणि ते ज्याला येत नाही तो माणूस रानटी असतो, हे मला दिगंबर कारखानीसने शिकवलं. धामणकर नाक्यावर पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना होता. खाली शेअर रिक्षांचा स्टँड, समोर सुताच्या पेढ्या, आणि खिडकी उघडली की आत धूळ. त्या दवाखान्यात, माझ्या खुर्चीत, हा गृहस्थ दाढ दाखवायला पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला चूळ भरायला सांगितली. त्याने पाणी तोंडात घेतलं, गालात खेळवलं, ओठांचा चंबू केला आणि हातभर अंतरावरून एक बारीक धार बरोबर भांड्याच्या मध्यावर सोडली. मग माझ्याकडे पाहिलं. त्याला शाबासकी हवी होती.

“सराव आहे,” तो म्हणाला.

“कसला?”

“वाइन टेस्टिंगचा. खरा टेस्टर गिळत नाही, डॉक्टर. गिळतात ते बेवडे.”

मी त्याच्या खालच्या दाढेतलं भोक बघत होतो. त्यात कालची सुपारी होती.

कारखानीस नारपोलीला कासमशेठच्या पॉवरलूम कारखान्यात मॅनेजर होता. कापडाच्या धंद्यातला डिप्लोमा होता आणि लूमचं काम त्याला बरं यायचं, हे कबूल केलंच पाहिजे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कासमशेठने त्याला जुने परदेशी लूम पसंत करायला स्वित्झर्लंडला पाठवलं. तोवर तो रममध्ये कोला घालून पिणारा, लग्नात बँड लागला की रुमाल घेऊन नाचणारा, चारचौघांसारखा माणूस होता. तिकडे तो तीन आठवडे राहिला. लूम विकणाऱ्याने त्याला एका संध्याकाळी द्राक्षमळ्यात नेलं, तळघरात उतरवलं आणि त्या थंड प्रदेशात होणारी लाल वाइन पाजली. लूम चांगले निघाले. माणूस बिघडून आला.

त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं आम्ही भिवंडीकरांनी जे सोसलं ते मी थोडक्यात सांगतो. थंड हवेत द्राक्ष हळूहळू पिकतं, म्हणून त्यातला आंबटपणा टिकतो. साल पातळ, म्हणून रंग फिका. इतका फिका, की पेल्यापलीकडची बोटं दिसली पाहिजेत. जिभेला तुरटपणा कमी, पण मागे रेंगाळणारी चव लांब. द्राक्षाचं नाव पिनो न्वार. हे नाव तो नाकातून असं काढायचा की पहिल्यांदा ऐकून मी त्याला सर्दीचं औषध सुचवलं होतं. “उष्ण हवेतली वाइन म्हणजे लाउडस्पीकर,” तो सांगायचा, “आणि थंड हवेतली म्हणजे कानात सांगितलेली गोष्ट.” हे सगळं खरं असेलही. पण ज्या गावात खालच्या मजल्यावर लूम आणि वरच्या मजल्यावर माणसं राहतात आणि साधं ‘मीठ द्या’ म्हणायलाही ओरडावं लागतं, तिथे कानात सांगितलेल्या गोष्टीचं कौतुक कोणी करायचं?

बाटल्या त्याच्याकडे फार नसत. लूमचे सुटे भाग घेऊन कोणी परदेशी इंजिनियर आला की एक आणायचा, कोणाचा भाऊ बाहेरून आला की एक. अशा पाच-सहा जमल्या की कारखानीसच्या चालण्यात फरक पडायचा. मग रविवारी त्याच्या घरी आम्हा दोघा-चौघांना आमंत्रण यायचं. आमंत्रण म्हणजे हुकूमच. दुपारनंतर काही खाऊन यायचं नाही. पान नको, अत्तर नको, चहा तर नकोच. तो पेला तिरका धरायचा आणि मागे कारखान्यातल्या धुवट कापडाचा एक तुकडा लावून रंग बघायचा. मग पेला गोल फिरवायचा. मग नाक असं आत घालायचा की मला वाटे, आता बाहेर काढायला मलाच बोलावतील. मग एक घोट, त्यावर तोंडाने ओढलेली हवा, तिचा गुळण्यांसारखा आवाज, आणि शेवटी बाजारातून मुद्दाम आणलेल्या पितळी पिकदाणीत ती धार.

“चेरी,” तो डोळे मिटून म्हणायचा. “लाल चेरी. खाली ओल्या पानांचा थर. थोडी अळंबी.”

आमच्यापैकी कोणी चेरी खाल्लेली नव्हती. केकवर असते ती करवंदाला रंग देऊन केलेली असते, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी आम्ही मान हलवायचो, कारण नाही हलवली तर तो पुन्हा पहिल्यापासून सांगायचा.

त्याच्या बायकोचं नाव सुमनवहिनी. भिवंडीत त्या काळी सुमनवहिनींच्या हातचं वालाचं बिरडं आणि सोड्यांचं, म्हणजे सुक्या कोलंबीचं, कालवण ज्याने खाल्लं त्याने दुसरीकडे जेवताना तोंड वाकडं करावं, असा हात. वाइन घरात आली आणि या बाईच्या हातातली मिरची गेली. तिखट लागलं की नाजूक लाल वाइनची चव मरते, असा फतवा निघाला. रविवारी सोडे भाजायचे नाहीत, कारण वास दोन दिवस राहतो. ओला नारळ चालेल, पण लसूण नको. त्याऐवजी काय, तर मिठाच्या पाण्यात उकडलेली कोंबडी, वर मिरपूड, डब्यातलं चीज आणि मुंबईहून आणलेले डब्यातले मशरूम. पावसाळ्यात वहिनींकडे भांडी घासायला येणारी सोनी रानातली अळंबी टोपलीभर घेऊन आली. वहिनींनी ती तुपावर परतली. घरभर काय वास सुटला! कारखानीसने ताटली बाजूला सारली. याची जात माहीत नाही, पुस्तकात नाही, म्हणाला. आणि डब्यातले रबरी तुकडे तोंडात टाकून “जमीन... जमीन लागते आहे,” असं पुटपुटत राहिला.

एका रविवारी त्याने मला दारातच हुंगलं. सकाळी एक अवघड दाढ भरली होती, बोटांना लवंगेच्या तेलाचा वास राहिला होता.

“डॉक्टर, आज तुम्ही वाइनच्या खोलीत नको,” तो म्हणाला. “नाक बिघडेल सगळ्यांचं. तुम्ही गॅलरीत बसा.”

दहा वर्षांची ओळख, मी त्याच्या चार दाढा वाचवलेल्या, आणि मला गॅलरीत! राग असा आला की तसाच जिना उतरणार होतो. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींनी खूण केली. आत ओट्याखाली झाकून ठेवलेलं पातेलं होतं. बिरडं, गरम भात, वर तळलेला बोंबील. मी तिथेच पाटावर बसून जेवलो. बाहेरून गुळण्यांचा आवाज येत होता.

“वहिनी, तुम्ही कशा सहन करता हो?”

“मी कुठे करते?” त्या म्हणाल्या. “मी रोज दुपारीच जेवून घेते. तुम्ही भात घ्या अजून.”

आता त्याची मुख्य करामत. त्याच्याकडे तिकडून आणलेलं एक लहानसं पुस्तक होतं आणि त्यात लिहिलं होतं, की लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी. झालं. कारखानीसच्या दृष्टीने विषय संपला. खोली त्याची, आणि खोलीचं तापमान भिवंडीचं. मे महिन्यात वीज गेलेली, पत्र्याचं छत तापलेलं, आम्ही बनियनवर वारा घालत बसलेलो, आणि हा बाटली उघडून तो कोमट काढा पेल्यात ओततोय. मी एकदा म्हटलं, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा की. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं.

“लाल वाइन फ्रिजमध्ये? डॉक्टर, तुम्ही उद्या बासुंदी तळायला सांगाल.”

“पण ज्या खोलीत बसून ते लिहिलं,” वहिनी मागून म्हणाल्या, “त्या खोलीत लोक स्वेटर घालून बसले असतील ना?”

तो ऐकू न आल्यासारखं करून पेला फिरवत राहिला. बायकोचं म्हणणं ऐकू न येण्याची कला त्याला वाइनच्या आधीपासून अवगत होती.

एकदा खरोखरचा स्विस इंजिनियर जेवायला आला. कारखानीसने त्या दिवशी गळ्यात टाय बांधला होता आणि वहिनींना मिठापलीकडे काही वापरायची बंदी होती. दोन उन्हाळे कपाटात काढलेली बाटली उघडली गेली. त्या बिचाऱ्या पाहुण्याने एक घोट घेतला, जरा वेळ तोंडात धरला आणि गिळला. थुंकला नाही, हे इथे नोंदवतो. मग अतिशय सभ्यपणे त्याने इंग्रजीत विचारलं, हे तुम्ही व्हिनेगरसारखं कोशिंबिरीवर घालता का?

“काय म्हणतात ते?” वहिनींनी विचारलं.

“म्हणतात,” कारखानीस म्हणाला, “ही कुठल्याही जेवणाबरोबर जाईल.”

मी तिथेच बसलो होतो. मला इंग्रजी येतं हे त्याला माहीत होतं. तरी त्याने माझ्या डोळ्यात डोळे घालून हे भाषांतर केलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं, की हा माणूस नुसता हास्यास्पद नाही. अडचण आली की तो खोटं बोलतो, आणि बोलताना त्याच्या चेहऱ्यावर काहीही हलत नाही.

त्या उन्हाळ्यात कपाटातल्या एका बाटलीचं बूच उष्णतेने वर आलं आणि वहिनींच्या लग्नातल्या शालूवर सगळी लाली सांडली. वहिनी ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की आता घरात एक तर या बाटल्या राहतील नाही तर मी. कारखानीसने बराच विचार केला, असं त्या सांगायच्या. शेवटी बाटल्या हलवल्या. कुठे, ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

त्याने त्या कासमशेठच्या सुताच्या गोदामात नेऊन ठेवल्या होत्या.

कासमशेठ इथले जुने कोकणी मुसलमान. आजोबांचा लाकडाचा धंदा, वडिलांनी लूम टाकले. पाच वेळचा नमाज, आणि कारखान्यात एकच कडक नियम: दारूचा वास आलेला कामगार फाटकातून परत. मग तो कितीही चांगला विणकर असो. त्या माणसाच्या जागेत, त्याचं मीठ खाणाऱ्या मॅनेजरने वाइन लपवली. कारण काय, तर पुस्तकात लिहिलं होतं की तळघर अंधारं आणि दमट हवं. आता लूमच्या खात्यात धागा तुटू नये म्हणून हवेत पाण्याचे फवारे सोडतात. पलीकडचं गोदाम त्यामुळे सदा ओलसर आणि खिडक्या नसल्याने अंधारं. पुस्तकातलं तळघर जणू भिवंडीत सापडलं! याच पुस्तकात वाइनला हलवू नये, तिला विश्रांती लागते असंही होतं. ते तो आम्हाला घसा फोडून सांगायचा. पण त्या गोदामाची भिंत लूमच्या खात्याला लागून होती आणि दिवसरात्र तीन शिफ्ट थरथरायची. इतकी, की खिळ्यावर टांगलेलं कॅलेंडर सरळ राहत नसे. कापडातला डिप्लोमा घेतलेल्या माणसाच्या हे डोक्यात येऊ नये? आलं नाही. सुताच्या कोन्सच्या, म्हणजे शंकूसारख्या रिळांच्या, रिकाम्या खोक्यात बाटल्या आडव्या घालून, वर सुताचा कचरा पसरून, हा गृहस्थ रोज रात्री शांत झोपत होता.

गोदामाचा वॉचमन होता लहानू. गणेशपुरीच्या पुढे डोंगराकडच्या पाड्यावरचा आदिवासी. गोदामाच्या मागे एक खोली त्याला नोकरीबरोबर मिळाली होती, तिथे तो आणि त्याची बायको राहायचे. तीच सोनी, वहिनींकडे भांडी घासणारी. तिला तेव्हा सातवा महिना होता आणि बाळंतपण इथल्या दवाखान्यात करायचं, पाड्यावर नाही, असं तिने ठरवलं होतं. आधीचं एक मूल तिकडे गेलं होतं.

एका शनिवारी सकाळी मी दवाखाना उघडतोय तर जिन्यावर वहिनी आणि सोनी बसलेल्या. सोनीच्या पायाशी गाठोडं.

“सांग डॉक्टरांना,” वहिनी म्हणाल्या. “मला सांगितलंस तसं सगळं सांग.”

सोनी सांगत गेली. काल दुपारी खोक्यातून लाल पानी गळलं आणि सुताला लागलं. लूमची देखरेख करणाऱ्या जॉबरने खोकं उघडलं. आत बाटल्या. ओलीमुळे त्यांच्यावरचे कागद सुटून लगदा झाला होता, कशाच्या ते कळायला मार्ग नव्हता. कोणीतरी म्हणालं, “वॉचमन की होगी, ये लोग तो पीते ही हैं.” सगळं खातं गोळा झालं. लहानू सांगत राहिला, की माझं न्हाय.

“शेठला काय ठावं न्हाय दारूतला,” सोनी म्हणाली. “त्यांनी वहिनींच्या साहेबाला हाक मारली. म्हनले, कारखानीस, तुमी बघा ही काय हाय. मंग त्या साहेबानं बाटली घेतली. अशी गोल हालवली. डोळं मिटलं. नाकाला लावली, लई येळ लावली. आन म्हनला, हातभट्टीची हाय, शेठ.”

मी तो प्रसंग पाहिला नाही, पण मला तो दिसला. पेल्याशिवाय, कापडाच्या तुकड्याशिवाय, तरीही सवयीने मनगट फिरलं असणार. दहा वर्षं ज्या वासाची त्याने आरती केली तो वास त्याने ओळखला, पूर्ण घेतला, आणि मग तोंड उघडून ते वाक्य उच्चारलं. मला त्याची किळस आली. दातांच्या डॉक्टरला सहसा किळस येत नाही.

“काल सांजचेलाच खोली खाली करायला लावली,” सोनी म्हणाली. “ह्यो पाड्याव गेला. मी न्हाय जायाची. माजा पोर हितंच व्हायाला पायजे.”

“बाटल्या आमच्या आहेत,” वहिनी म्हणाल्या. “काल रात्री ही माझ्याकडे आली, तेव्हाच मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, अगं, दोन आठवड्यांत सगळे विसरतील, लहानूला मी दुसरीकडे लावून देतो. आणि परत झोपले. डॉक्टर, तुम्ही माझ्याबरोबर शेठकडे चला.”

मी दवाखान्याला परत कुलूप लावलं.

कासमशेठने सगळं ऐकून घेतलं. वहिनींना त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली होती.

“दारू माझ्या जागेत आली, ते मी आणि वरचा बघून घेऊ,” ते म्हणाले. “पण डॉक्टर, गरीब आदमीला दारूवाला बोललो मी. सगळ्यांच्या समोर. मेरी ज़बान से निकल गया.” मग त्यांनी सोनीची खोली आधी उघडायला सांगितली आणि कारखानीसला बोलावलं.

तो आला तेव्हा आम्हाला तिथे बघून थबकला, पण क्षणभरच. लगेच नीट उभा राहिला. शेठने नोकरीचं नाव काढलं नाही. म्हणाले, जे सगळ्यांच्या समोर बोललं गेलं ते सगळ्यांच्या समोर परत घ्यायचं, आमच्याकडे असंच आहे. आज जीप घेऊन जा, लहानूला आणा. उद्या सकाळी शिफ्ट बदलताना मी सगळे लूम बंद ठेवतो. तिथे उभं राहून तुम्ही सांगा.

“नक्कीच शेठ,” कारखानीस म्हणाला. “गैरसमज झाला. मी स्वतः सांगतो.”

शेठने मला सोबत पाठवलं. का, ते सांगितलं नाही, पण त्यांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला होता हे उघड होतं. वाटेत कारखानीस अंबाडी नाक्यापर्यंत गप्प होता. मला वाटलं, शरम वाटत असेल. अंबाडी सोडल्यावर म्हणाला, “खरं म्हणजे डॉक्टर, कालच्या त्या बाटलीत अजून फळ होतं. मागे, अगदी मागे, पण होतं.” मी ड्रायव्हरला टेप लावायला सांगितला.

लहानू अंगणात बाजेची दोरी ओढत होता. आम्हाला बघून उठला, पण जवळ आला नाही. त्याच्या आईने मला पाणी आणून दिलं, ड्रायव्हरला दिलं. तांब्या घेऊन ती कारखानीसच्या पुढून गेली आणि आत जाऊन दारात बसली.

कारखानीसने घसा साफ केला. आता हा माफी मागेल, निदान चुकलं तरी म्हणेल, म्हणून मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. माणसाची मान खाली जाताना बघू नये एवढी रीत मलाही ठाऊक आहे.

“लहानू,” तो म्हणाला, “ती हातभट्टीची नव्हती. चांगली बातमी अशी, की ती फार वरच्या दर्जाची होती. थंड प्रदेशातली.”

“मंग तवा तुमी तसा का न्हाय बोलले?” लहानूने विचारलं.

“त्या वेळी परिस्थिती तशी होती.”

“परिस्थिती माजी व्हती साहेब,” लहानू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “माज्या बायकोला भायेर काढली. सगली हसली. तुमी वास घेतलात आन बोललात म्हनून त्यांना खरा वाटला. तुमी शिकेल मानूस.”

“म्हणूनच तर आलोय ना.”

“मी येतो. नोकरी पायजे मला, मी कशाला न्हाय बोलू. पन तुमी सगल्यांम्होरं बोला, माजी बायको हुबी असंल तवा. तसं न्हाय बोललात तर मी तिला घेऊन परत हितं येनार. दारूवाला म्हनून मी थितं न्हाय ऱ्हायाचा.”

“शब्द दिला,” कारखानीस म्हणाला आणि हात पुढे केला. लहानूने तो घेतला नाही, पण जीपमध्ये मागे येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नारपोलीला पोचलो तेव्हा रात्रीची शिफ्ट सुटत होती आणि सकाळची आत येत होती. शेठने बोटाने खूण केली आणि लूम एकामागून एक थांबले. ईद आणि वीज जाणं सोडलं तर ते खातं बंद झालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. कान दुखले. दोन्ही शिफ्टची माणसं दोन्ही बाजूंना उभी राहिली. मध्ये लहानू, धुतलेला शर्ट घालून, आणि खांबाला टेकून सोनी. सगळे फाटकाकडे बघत होते. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागे कोणीतरी हसलं. पलीकडून एकजण म्हणाला, “साहब नहीं आते भाई, चालू करो.” लहानूने सोनीकडे पाहिलं, आणि ती खाली वाकून गाठोडं उचलायला लागली.

तेव्हा फाटकातून वहिनी आल्या. एकट्या. पुरुषांच्या त्या गर्दीतून वाट काढत मध्ये येऊन उभ्या राहिल्या. त्या आयुष्यात कधी चार माणसांपुढे बोलल्या नव्हत्या.

“बाटल्या माझ्या घरच्या आहेत,” त्या म्हणाल्या. “माझ्या नवऱ्याने इथे ठेवल्या. त्यांनीच वास घेतला, त्यांना कळलं, आणि ते खोटं बोलले. लहानूने बाटलीला हात लावलेला नाही.” मग त्या सोनीकडे वळल्या. “ठेव ते खाली.”

कासमशेठ पुढे झाले. लहानूचे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं माफ कर म्हणाले. सोनीने गाठोडं ठेवलं. जॉबरने बटण दाबलं, पहिला लूम सुरू झाला, मग दुसरा. कोणाचं काही बोलणं ऐकू येईना, आणि बोलण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं. सोनीला मुलगी झाली, सरकारी दवाखान्यात, सुखरूप. वहिनी भिवंडीतच राहिल्या. शेठच्या घरच्यांनीच पहिल्यांदा त्यांच्याकडे मसाल्याची ऑर्डर दिली आणि पुढे त्यांना हाताखाली दोन बायका ठेवाव्या लागल्या. कारखानीस पुण्याला भावाकडे गेला असं कळलं. तिकडेही कोणाला तरी गॅलरीत बसवत असेल. मी चौकशी केली नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच सकाळी, नारपोलीला जाताना. धामणकर नाक्यावर ट्रक आडवा झाला होता आणि माझी स्कूटर अडकली. शेजारी कल्याणची शेअर रिक्षा उभी. मागे तिघं, पुढे ड्रायव्हरच्या कडेला अर्धा बाहेर कारखानीस. गुळगुळीत दाढी केलेली, टाय बांधलेला, मांडीवर बॅग. त्याने मला पाहिलं. मला वाटलं, आता तोंड फिरवेल. तेवढी लाज असती तरी मी त्याच्याबद्दल आज वेगळं लिहिलं असतं.

“डॉक्टर! तिकडेच निघालात ना?”

“तुम्ही कुठे?”

“कल्याणला जरा अर्जंट काम निघालं. हा गेलो आणि हा आलो.” ट्रक हलला. रिक्षा सुरू झाली. दांडा धरून, मान बाहेर काढून तो ओरडला, “शेठना सांगा, थांबा म्हणावं. माझ्याशिवाय सुरू करू नका!”

मी तो निरोप कोणालाही दिला नाही.